जुनी जीन्स, जुने टाय, जुनी छत्री

पुरुषमाणसांना हाताने केलेली भेटवस्तू द्यायची म्हटली की सर्वांत मोठी अडचण येते ती उपयोगाची. साडीच्या काठाची पिशवी, रंगवलेली पणती किंवा मण्यांचे तोरण बायकांना दिले, तर ते घरात कुठे ना कुठे लागते. त्याच वस्तू भावाला किंवा जावयाला दिल्या, तर तो "छान झालंय" एवढे म्हणून ती वस्तू बायकोच्या स्वाधीन करतो आणि विषय संपतो. खास पुरुषांसाठी म्हणून शिकवल्या जाणाऱ्या हस्तकलेत तर मिशीचे चित्र चिकटवलेले मग आणि कागदी टाय लावलेल्या बाटल्या यांपलीकडे फारसे काही दिसत नाही, आणि मिशी असलेल्या एकाही माणसाने असा मग स्वतःहून वापरल्याचे माझ्या पाहण्यात नाही. 2023 साली अधिक श्रावण आला, म्हणजे जावयाचे वाण, मागोमाग राखी आणि मग दिवाळी असे देण्याघेण्याचे प्रसंग रांगेने येणार होते. त्या वर्षी मी ठरवले की घरातल्या पुरुषांच्या भेटी घरातल्याच टाकाऊ सामानातून करायच्या, मात्र त्या शोकेसमध्ये न जाता खिशात, प्रवासाच्या बॅगेत किंवा स्कूटरच्या डिकीत जातील अशाच करायच्या.

सामानाची वाण नव्हती. आम्ही इंदूरकर 2017 पासून सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिले आलो, आणि त्याचा घरोघरी झालेला परिणाम असा की आपण नेमके काय टाकतो हे प्रत्येकाला रोज डोळ्यांनी पाहावे लागते. ओला, सुका, प्लास्टिक, घातक, सॅनिटरी आणि इलेक्ट्रॉनिक असे कचऱ्याचे सहा प्रकार करून तो नगर निगमच्या गाडीत वेगवेगळा टाकावा लागतो. ओल्या कचऱ्याची चिंता नसते; देवगुराडियाच्या प्रकल्पात 2022 पासून त्याचा गॅस होतो. रद्दी, लोखंड आणि बाटल्या अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, तोलून नेतो. धड असलेले कपडे देण्यासाठी त्याच 2023 च्या उन्हाळ्यात वस्त्यांमध्ये जुन्या वस्तू गोळा करणारी केंद्रेही सुरू झाली. उरतात त्या अधल्यामधल्या वस्तू : गुडघ्यावर फाटलेली जीन्स, काडी मोडलेली छत्री, डाग पडलेला टाय, भोकांपाशी चिरलेला पट्टा. या वस्तू कुणाला देता येत नाहीत आणि अटालेवालाही त्या तराजूत घालत नाही. सुदामानगरातल्या आमच्या घराच्या माळ्यावर अशा वस्तूंनी भरलेली एक पेटीच होती, आणि गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेक वस्तू पुरुषांच्या होत्या.

काय करायचे हे ठरवताना मी पेटीतल्या सामानापासून सुरुवात केली नाही. आधी प्रत्येक माणूस रोज काय बाळगतो आणि त्यातले काय मोडकळीस आले आहे, ते पाहिले. यजमानांचा वाचायचा चष्मा शर्टाच्या खिशात उघडाच फिरत होता आणि काचांवर ओरखडे पडले होते. दादा स्वतःच्या स्कूटरची किरकोळ दुरुस्ती स्वतःच करतो. त्याचे पाने आणि पकड मिठाईच्या प्लास्टिकच्या पिशवीत खडखडत असत. जावई पुण्याला असतात आणि कामानिमित्त सतत प्रवासात; त्यांचे दाढीचे सामान एका पातळ पिशवीत असते, आणि ती बॅगेत ओली होऊन शर्टांना डाग पडतात, ही लेकीची जुनी तक्रार. अण्णा, म्हणजे माझे चुलत सासरे, दुधाचा, औषधांचा आणि पावसाचा हिशेब वहीत लिहितात, पण बाजारातली वही त्यांना कधी उभी मोठी पडते, तर कधी तिची पाने सुटतात. एकदा ही यादी मनाशी झाली, की पेटीतली कोणती वस्तू कुठे लागेल हे शोधणे फारसे अवघड राहत नाही.

अवघड होते ते सासूबाईंचे मन वळवणे. अधिकात जावयाला नारायणाच्या जागी मानून तेहतीस अनारसे आणि दिवा द्यायचा, तिथे आपण फाटक्या जीन्सचे काही तरी देणार, हे त्यांच्या पचनी पडेना. "जावयाला कुणी जुनेर देतं का गं?" असे त्यांनी स्पष्टच विचारले. त्यांचा आक्षेप मला पटण्यासारखा होता, कारण मंगल प्रसंगी कोरे वस्त्र देण्यामागे समोरच्याचा मान राखण्याची भावना असते. शेवटी आमचे असे ठरले की वाण शास्त्राप्रमाणे पूर्ण आणि नवे द्यायचे, शिवलेली पिशवी त्याच्या बाहेरची भेट म्हणून द्यायची, ती रिकामी न देता तिच्यात दाढीचा नवा ब्रश, साबण आणि कंगवा घालायचा, आणि कापड आपल्याच घरातले, कडक पाण्यात धुतलेले असावे. आणखी एक नियम मी माझ्याकडून घातला : ज्याचे कपडे आहेत त्याला विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही. पुरुषांचा जुन्या कपड्यांवर किती जीव असतो, हे त्यांची एखादी विरलेली पँट उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही. यजमानांच्या तीन जीन्सपैकी एक तर विचारल्याबरोबर पुन्हा कपाटात गेली.

जुन्या कापडाच्या कामात कापणे आणि शिवणे यांआधीचे, पण त्यांहून महत्त्वाचे काम म्हणजे कापड पारखणे. कपडा सगळीकडे सारखा झिजत नाही. शर्टाची कॉलर आणि कफ आधी जातात, पण पाठ आणि खाली खोचला जाणारा भाग जवळजवळ नवा असतो. चादर मध्ये विरते आणि कडेला टिकते. जीन्स गुडघ्यावर, मांड्यांच्या आत आणि मोहरीच्या मागच्या कडेला झिजते, तर पोटऱ्यांवरचा भाग शाबूत राहतो. कापड खिडकीशी उजेडात धरले की विरलेला भाग जाळीसारखा दिसतो. शंका आली तर दोन्ही अंगठ्यांनी ते ताणून पाहावे. चर्र असा आवाज आला की तो तुकडा बाजूला टाकावा. डेनिममध्ये ताण्याचा उभा धागा निळा आणि बाण्याचा आडवा धागा पांढरा असतो, म्हणून कापडाची उलटी बाजू फिकट दिसते. झिजलेल्या जागी निळा धागा तुटून मागचा पांढरा धागा वर येतो, तेव्हा जिथे पांढऱ्या आडव्या रेषा दिसतील तिथे कापडाची निम्मी ताकद गेली असे समजायला हरकत नाही. फॅशनसाठी कारखान्यातच घासून पांढरी केलेली जीन्स तर या कामाला घेऊच नये.

जावयांची पिशवी मी अशा पोटरीच्या भागातून केली. पायाच्या आतल्या बाजूची दुहेरी शिवण उसवत बसण्यात अर्थ नसतो, ती सरळ कापून टाकली की पाय उघडून सोळा-सतरा इंच रुंदीचे सपाट कापड मिळते. त्यातून तेरा इंच रुंद आणि नऊ इंच उंच असे दोन तुकडे काढले. दाढीच्या पिशवीचे माप दाताच्या ब्रशवरून ठरते; तो साडेसात इंचांच्या आसपास असतो आणि पिशवीच्या तळाशी आडवा मावला पाहिजे. दोन तुकडे तीन बाजूंनी शिवल्यावर खालचे कोपरे चिमटीत धरायचे, तळाची आणि बाजूची शिवण एकमेकींवर आणायची आणि टोकापासून दोन इंचांवर आडवी टीप मारायची. असे दोन्ही कोपऱ्यांना केले की पिशवीला चार इंच रुंदीचा तळ येतो आणि ती बेसिनच्या कडेला सरळ उभी राहते. शिवणकाम न करणाऱ्याला ही जादू वाटते, पण संपूर्ण कामात याहून सोपे दुसरे काही नाही.

खरा प्रश्न अस्तराचा होता. पाणी आतून बाहेर झिरपू नये म्हणून मी मोडलेल्या छत्रीचे कापड घेतले. छत्रीचे कापड पातळ, गुळगुळीत आणि लेपन केलेले असते, आणि ते लगेच वाळते. मात्र लेपन खवले धरून सुटू लागले असेल, तर ती छत्री कामाची नाही, कारण ते खवले पुढे ब्रशला चिकटतात. छत्री आठ तिकोनी पाकळ्यांची असते आणि एका पाकळीतून तेरा इंचांचा चौकोन निघत नाही. म्हणून शेजारच्या दोन पाकळ्या त्यांच्या मूळ जोडासकट घेतल्या, आणि त्या जोडावर मेणबत्ती घासून, वर सुती फडके ठेवून, अगदी मंद इस्त्री फिरवली. या कापडाला टाचण्या लावायच्या नसतात, कारण त्यांची भोके बुजत नाहीत. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी काम भागते. त्याच कारणाने टीप उसवून पुन्हा मारण्याची सोयही नसते, तेव्हा मशीन चालवण्याआधी दोनदा माप घेतलेले बरे.

चेन जुन्या शाळेच्या दप्तराची काढली. चेनचे दाते सहसा खराब होत नाहीत, सैल होतो तो रनर. रनर बदलून, दात्यांवर मेण घासले की ती पुन्हा सुरळीत चालते. राजवाड्याजवळच्या गल्ल्यांमध्ये शिवणाच्या सामानाची दुकाने आहेत, तिथे सुटे रनर मिळतात. मी दप्तराची चेन सोबत नेली होती, कारण रनर दात्यांच्या मापाचा लागतो आणि ते माप तोंडी सांगता येत नाही. दुकानदाराने कौतुकाने विचारले, "मैडम, नई चेन ही ले लो ना, इतने में आ जाएगी." त्याचे म्हणणे हिशेबाने बरोबर होते. या प्रकारच्या कामात पैसे वाचतात असा माझा दावा नाही. दोरा, सुया, रनर आणि स्वतःचे कष्ट धरले, तर बाजारातली पिशवी कधी कधी स्वस्तच पडते.

राखीसाठी दादाची पान्यांची गुंडाळी घेतली, आणि माझ्या मते त्या वर्षीच्या साऱ्या कामांत डेनिमच्या गुणांना न्याय मिळाला तो इथे. डेनिम हे मुळात मजुरांचे कापड. अमेरिकेतल्या रेनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याने कामगारांच्या पँटचे खिसे फाटतात म्हणून त्यांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या खिळ्या ठोकल्या आणि लीवाय स्ट्रॉस यांच्याबरोबर 20 मे 1873 रोजी त्याचे पेटंट घेतले. आज त्या खिळ्या शोभेच्या वाटतात, पण सात-आठ लोखंडी पाने गुंडाळून बांधायचे म्हटले की खिसा कुठे फाटतो हा डेव्हिससमोरचा प्रश्न जसाच्या तसा आपल्यासमोर येतो. उत्तरही तेच : कोपरे भक्कम करणे. खिळ्या ठोकण्याची सोय माझ्याकडे नव्हती, त्यामुळे प्रत्येक खिशाच्या वरच्या टोकाला अर्धा इंच लांबीच्या जागेत पुढेमागे अशा अनेक टिपा एकावर एक मारल्या. जुन्या जीन्सच्या मूळ खिळ्यांच्या आसपास मात्र मशीन फिरकू द्यायचे नाही, सुई मोडून उडते.

दादाचे पाने मी वहिनींच्या मदतीने, तो ऑफिसात असताना मोजले. आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा आणि चौदा-पंधरा हे दुतोंडी पाने, प्लग पाना, दोन स्क्रूड्रायव्हर आणि पकड असे सामान होते. हे सारे वर्तमानपत्रावर ओळीने मांडून त्यांच्या कडेने पेन फिरवले की तोच आपला नकाशा. खिसा वस्तूच्या रुंदीएवढा ठेवला तर वस्तू आत जात नाही, कारण तिला जाडीही असते. म्हणून पान्याची रुंदी, त्यात त्याची जाडी आणि वर पाव इंच, असे माप धरले. इंचभर रुंदीच्या आणि पाव इंच जाडीच्या पान्याला दीड इंच खिसा बसतो. पकडीसाठी हा हिशेब पुरत नाही. तिच्या खिशाला तळाशी एक चूण घालावी लागते.

मागचे कापड वीस इंच रुंद आणि चौदा इंच उंच ठेवले. एका पायातून एवढी रुंदी निघत नसल्याने दोन पायांचे तुकडे एकमेकांवर अर्धा इंच चढवून दोन समांतर टिपांनी जोडले, म्हणजे जोड सपाट राहतो. खिशांच्या पट्टीसाठी जीन्सच्या मोहऱ्याच वापरल्या. मोहरीची कड कारखान्यातच दुमडून जाड दोऱ्याने शिवलेली असते. तीच खिशाची वरची कड झाली आणि एक मोठी दुमड वाचली. पट्टी लावताना ताणा उभाच राहील असे पाहिले, कारण वजन उभ्या धाग्यावर पडते आणि तोच जास्त मजबूत असतो. वरच्या बाजूला पाच इंचांची झडप ठेवली. ती पान्यांच्या डोक्यांवर दुमडते, त्यामुळे गुंडाळी उलटी धरली तरी सामान सांडत नाही. घड्याळाचा म्हणून जीन्सला जो इवलासा खिसा असतो, तो त्याच्या तांब्याच्या खिळ्यांसह कापून एका कोपऱ्यात हाताने शिवून टाकला; त्यात दादा आता फ्यूज आणि ट्यूबच्या झाकण्या ठेवतो.

घरगुती मशीनवर डेनिमचे चार पदर शिवणे हे सहनशक्तीचे काम आहे. साध्या कापडाची चौदा नंबरची सुई चालत नाही. मी सोळाची लावली, आणि जिथे जोडावर जोड आला तिथे अठराची. दोरा सुती न घेता पॉलिस्टरचा घेतला आणि टाका लांब ठेवला. जाड शिवण आली की मशीनचा पाय पुढून वर उचलला जातो आणि टाके सुटतात. अशा वेळी डेनिमचाच एक तुकडा दुमडून पायाच्या मागच्या बाजूला सरकवला की पाय सपाट होतो. त्याआधी ती शिवण ओली करून पाट्यावर ठेवून हातोडीने ठोकून घेतली होती, त्यामुळे कापड दबून जाडी कमी होते. दुपारच्या वेळी स्वयंपाकघरातून हातोडीचे आवाज येऊ लागले, तेव्हा यजमान वर्तमानपत्र खाली ठेवून दारात येऊन उभे राहिले आणि "मला वाटलं, तू शिवतेयस" एवढेच म्हणाले. सर्वांत जाड जागी मोटर बंद ठेवून मी चाक हातानेच फिरवले.

गुंडाळी बांधायला जुना कमरपट्टा उपयोगी पडला. पट्टा झिजतो तो बकलपाशी आणि रोजच्या भोकापाशी. पाठीवरचा दीड-दोन फुटांचा भाग चांगला असतो. मात्र तो खऱ्या चामड्याचा असला पाहिजे. कापलेली कड पाहिली की लगेच कळते : खऱ्या चामड्यात वरपासून खालपर्यंत तंतू दिसतात, आणि नकलीत वरचा पातळ थर सुटून खालचे कापड किंवा भुसा दिसतो. आमच्या कोपऱ्यावरच्या मोचीदादांनी रापीने कड तासून दिली आणि आरीने समान अंतरावर भोके पाडून दिली. पुढचे शिवण मी घरी केले. मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया घेऊन प्रत्येक भोकातून दोघी समोरासमोरून काढायच्या. या पद्धतीत एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. उरलेल्या चामड्याच्या दोन किल्ल्यांच्या पट्ट्या झाल्या आणि त्या भाच्यांना गेल्या.

कागदाचे काम मी मुद्दाम पावसाळ्यानंतर ठेवले. माळव्यातल्या श्रावण-भाद्रपदात हवा इतकी दमट असते की खळ लावलेला पुठ्ठा वाळत नाही, वाळण्याआधी बुरशी धरतो. दसऱ्यानंतर ऊन कोरडे झाले, तेव्हा अण्णांची वही घेतली. एका बाजूने छापलेले कागद घरात भरपूर होते. ते छापील बाजू आत येईल असे मधोमध दुमडले आणि दुमड वहीच्या बाहेरच्या कडेला ठेवली, की दोन्ही दिसणाऱ्या बाजू कोऱ्या मिळतात. सुट्या कडा मागे एकत्र येतात, तिथे आरीने भोके पाडून दोऱ्याने शिवायचे. कागदालाही उभी-आडवी दिशा असते. ज्या दिशेने तो सहज आणि सरळ फाटतो, ती दिशा पाठीला समांतर ठेवली तर वही उघडी राहते, नाही तर ती सारखी मिटू पाहते. पुठ्ठे शर्टांच्या खोक्यांचे होते, दोन दोन चिकटवून जाड केले आणि वरून अण्णांच्याच एका जुन्या चौकड्याच्या शर्टाची पाठ चढवली. पुठ्ठ्याला फक्त बाहेरून कापड चिकटवले की तो वाकतो. आतूनही कागद चिकटवला की दोन्ही बाजूंची ओढ सारखी होऊन तो सरळ राहतो. खळ मैद्याची केली. जुने बाइंडर तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत, पण ते विष आहे आणि घरात लहान मुले येतात, म्हणून मी ती रोज थोडी थोडी ताजी शिजवली. माप मात्र अण्णांच्या सदऱ्याच्या खिशाचे घेतले होते. पाडव्याला नवी वही सुरू करण्याचा रिवाज आहेच, त्यामुळे प्रसंग शोधावा लागला नाही.

फळांच्या रसाच्या खोक्यांचे कार्ड ठेवायचे पाकीटही एका पुतण्यासाठी केले. त्या खोक्यात साधारण पंचाहत्तर टक्के कागद आणि बाकीचे प्लास्टिक व ॲल्युमिनियमचे थर असतात. ते धुऊन, उलगडून, चंदेरी बाजू बाहेर ठेवून दुमडले की पाकीट तासाभरात होते. दिसते आकर्षक, पण घड्यांवर लवकर तडकते, त्यामुळे कॉलेजातल्या मुलाला ठीक, मोठ्यांना देण्यासारखे नाही.

पाडव्याला खरे तर ओवाळणी नवऱ्याने घालायची असते, पण मी त्याच ताटात यजमानांसाठी चष्म्याचे घर ठेवले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांचे टाय नुसते लोंबत होते. टाय उरेब कापलेला असतो, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका. त्यामुळे त्याची गाठ सुबक बसते, पण त्याच कारणाने त्याचे कापड हातात ताणले जाते आणि शिवताना आकार सोडते. मागच्या बाजूची शिवण एकाच लांब सैल दोऱ्याची असते. तो दोरा टोकाशी कापून ओढला की सारा टाय उलगडतो आणि आतून लोकरी पट्टी निघते. रेशमी कापड रिठ्याच्या गार पाण्यात, न पिळता, धुतले. गडद लाल टायचा रंग पाण्यात उतरला, म्हणून प्रत्येक टाय वेगळा धुतला.

टायचे रुंद टोक हीच घराची झडप होते, तिला वेगळा आकार द्यावा लागत नाही. टोकापासून सोळा इंच कापड घेतले, त्याला मागून जुन्या धोतराचे मऊ सुती कापड धावदोऱ्याने जोडून ताण मारला, आतली लोकरी पट्टी पुन्हा घातली आणि अस्तराला बनियनचे धुतलेले कापड लावले, कारण काचेला त्याहून मऊ काही घरात नसते. मग खालचे टोक साडेसहा इंच वर दुमडून दोन्ही कडा हाताने, टाका बाहेरून दिसणार नाही अशा, शिवल्या. टाय वर अरुंद होत जातो, त्यामुळे हे घर वाचायच्या बारीक चष्म्यालाच पुरते. मोठ्या फ्रेमसाठी दोन टाय शेजारी शेजारी जोडावे लागतात. बटण त्यांच्याच जुन्या कोटाचे लावले. काजाऐवजी बारीक दोरीचा फास केला, कारण उरेब रेशमात काज टिकत नाही.

या वस्तू आता दोनेक वर्षे वापरात आहेत आणि त्यांचे गुणदोष वापरातूनच कळले. दादाच्या गुंडाळीला तेलाचे डाग पडून ती काळपट झाली आहे, पण एकही कोपरा उसवलेला नाही. त्याने फक्त एवढेच सांगितले, की सोळा-सतराचा नवा पाना घेतला आहे, त्याला खिसा हवा. जावयांच्या पिशवीचे अस्तर शाबूत आहे. चेनच्या टोकाशी कापड तुटू लागले होते, तिथे पट्ट्याच्या चामड्याचा लहान तुकडा शिवून दिला, आणि पुढच्या पिशवीत तो सुरुवातीलाच लावायचा हे ठरून गेले. चष्म्याच्या घराचे रेशीम खालच्या घडीवर विरले, कारण खिशात ते तिथेच घासते. आता त्या घडीवर दुसऱ्या टायचा तुकडा चढवला आहे. अण्णांची वही भरली, आणि दुसरी हवी म्हणून त्यांनी एका बाजूने कोरे असलेले कागद स्वतःच जमवून, रबर लावून पाठवले आहेत. यंदा, 2026 साली, 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा हवा कोरडी असेल आणि कागदाचे व चामड्याचे काम वाणाच्या आधी उरकता येईल. डेनिम मात्र संपत आले आहे, आणि यजमानांनी कपाटात परत ठेवलेल्या त्या तिसऱ्या जीन्सचा विषय मी पुन्हा काढला आहे.